कापडाचं रबर

पोरी त्याला स्क्रंची म्हणतात. आई शेवटपर्यंत ‘कापडाचं रबर’च म्हणत राहिली. ते शिवायला काय अक्कल लागते, असं मी तिच्यासमोर एकदा बोलून गेले, आणि माझीच पहिली तीन रबरं सुलटी करता करता उसवली.

वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी आईला मंगळवेढ्याहून सोलापुरात माझ्याकडे आणलं. तिच्या ट्रंकेत साड्या थोड्या आणि ब्लाउजपीसच फार. चाळीस वर्षं बायकांनी तिच्या ओटीत घातलेले. त्यातले निम्मे तरी चार घरं फिरून आलेले असणार, पण तिनं एकही पुढे ढकलला नव्हता. संक्रांत तोंडावर आली होती. हळदीकुंकवाला काय वाण लुटावं ते सुचेना, नवी पेठेत दोन चकरा मारून मी वैतागून परत आले होते.

आई म्हणाली, “माझी आता कोण वटी भरतंय? ह्याचीच रबरं शिवू की. पोरीबाळींना लई आवडत्यात.”

मग आठवडाभर आमचं तेच. ती चार बोटं रुंद पट्टी कापायची, मी मशीनवर उलट्या बाजूनं नळी शिवून सेफ्टी पिनेनं सुलटी करायची. त्याच पिनेला इलॅस्टिक अडकवून ओवलं, गाठ मारली, तोंड शिवलं की झालं. प्रत्येक रबर आई स्वतःच्या आंबाड्याला लावून बघायची. केस पार विरळ झाले होते तिचे, तीन वेढे बसायचे. “घट्ट हाय,” नाहीतर “सैल झालं, गाठ सोड,” असा निकाल द्यायची. एक हिरवं, जरीकाठाचं होतं. ते तिनं जेवण होईपर्यंत काढलंच नाही.

“ठेव की तुलाच,” मी चिडवलं.

तिनं लगेच काढून डब्यात टाकलं. “वाणाचं हाय ते,” म्हणाली.

हळदीकुंकवाच्या दिवशी, बायका यायच्या आधी तिनं विचारलं, “मी आत बसू का गं?”

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. अगदी नीट कळलं होतं. पण समोरच्या वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. विधवा बाई हळदीकुंकवात बसलेली पाहून त्या काय म्हणतील? “बस जरा वेळ,” मी म्हणाले. एरवी मी चांगली तोंडाळ, सासरच्यांना उलट उत्तरं देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या दिवशी मात्र शेपूट घातली.

तिनं दार लोटून घेतलं. बाहेर बायका रबरं केसांना लावून एकमेकींना दाखवत होत्या. कुठून आणली, असं विचारत होत्या. मी म्हटलं, घरीच केली. आईनं केली, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

सगळ्या गेल्यावर डब्यात ते हिरवं तेवढं उरलं. मी ते घेऊन आत गेले. “आई, हे तुला.”

तिनं हातात घेतलं, जरा ताणून बघितलं आणि परत दिलं. “राहू दे. रथसप्तमीपातूर कोण ना कोण येईल की.”

उरलेलं वाण आईला द्यायला गेले होते मी. फार लाज वाटली. पुढच्या संक्रांतीला पहिलं कुंकू तिलाच लावायचं, असं मनाशी ठरवून मोकळी झाले.

पुढची संक्रांत तिनं बघितली नाही. श्रावणात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आंघोळ घातल्यावर तिचे केस मोकळे सुटले होते. बांधायला काहीतरी द्या, असं कुणीतरी म्हणालं. मी कपाटातून ते हिरवं रबर आणलं. एका हातानं केस धरून वेढा पडेना. समोरच्या वहिनी पुढे झाल्या. त्यांनी आईचे केस दोन्ही हातांनी धरले, आणि मी तीन वेढे दिले.

“संक्रांतीला मावशी बाहेर आल्या नव्हत्या,” त्या हळूच म्हणाल्या. “मी वाट बघत होते. तेव्हापासूनच बरं नव्हतं का हो त्यांना?”

मी हो म्हणाले.