आईसोबत कलकत्त्याला

मला तुमसर रोड स्टेशनवर सोडायला आई आली नाही. सिहोऱ्याच्या आमच्या घराच्या दारातच उभी राहिली. मोहल्ल्यातल्या बायका जय भीम करून, चिवड्याच्या पुड्या हातात देऊन गेल्या. मी पाया पडले तेव्हा आई म्हणाली, "कोनाच्या घरी राहू नको. भाड्याची खोली घे, अर्ध्या पोटी राह्य, पन कोनाच्या घरी नाही."

मला बँकेत नोकरी लागली होती. नेमणूक रायपूरला, पण आधी ट्रेनिंग कलकत्त्याला. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होते, आणि गोंदियाची मावशी आता परजिल्ह्यात गेली म्हणून मला वाईट वाटलं होतं. त्याच गोंदियावरून आमची गाडी पुढे गेली आणि रात्रभर धावत राहिली. सोबतीला बाबा होते.

बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. हावडा स्टेशनाबाहेरची गर्दी पाहून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला लाज वाटली आणि धीरही आला. मी वर्गात बसले की ते शहरात फिरायला निघत आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत येत. एकदा तर चपलेचा अंगठा तुटलेला.

"काय पाह्यलं बाबा?"

"गल्ल्या पाह्यल्या."

"गल्ल्या काहून? व्हिक्टोरिया पाहा न. म्युझियम पाहा."

ते नुसते हसले. एवढ्या दूर येऊन माणूस गल्ल्या पाहतो, याचा मला थोडा रागच आला.

नंतर मी कलकत्त्याला जातच राहिले. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा ते निराळंच शहर होतं. बिर्याणी, न्यू मार्केट, घासाघीस, पाय दुखेपर्यंत भटकणं. त्यांच्यात मी माझं मले-तुले गिळून टाकायला शिकले. लग्न झाल्यावर सुधीरबरोबर गेले. आम्ही नदीवर होडीत बसलो, आणि उतरल्यावर कशावरून तरी असं भांडलो की हॉटेलपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. त्या शहरात असले की मला सिहोऱ्याची आठवण यायची, आणि सिहोऱ्यात दोन दिवस झाले की तिथला गोंगाट आठवायचा. दोन्हीकडे मी थोडी उपरीच.

सुट्टीत घरी गेले की मी कलकत्त्याच्या गोष्टी सांगायची. बाबा ऐकत बसायचे. आई मात्र मध्येच उठून चुलीकडे जायची. मला वाटायचं, तिला माझ्या जगाचं काही पडलेलं नाही. आपण बाहेर पडलेली माणसं असंच समजतो, नाही का? जग आपण पाहिलं, मागे राहिलेल्यांनी काहीच पाहिलं नाही.

बाबा गेल्यावर आईला मी रायपूरला आणलं. काही महिन्यांनी पुन्हा ट्रेनिंग निघालं. सुधीर दौऱ्यावर होता, आई घरात एकटी कशी राहणार? आजवर कितीदा विचारलं तरी ती कलकत्त्याला यायला नाही म्हणाली होती. या वेळी तिने लगेच पिशवी भरली.

ट्रेनिंग संपल्यावर एक दिवस मोकळा होता. मी तिला विचारलं, कुठे जायचं?

"भवानीपूर."

बाबांकडून त्या भागाचं नाव ऐकलं असेल असं मला वाटलं. टॅक्सीतून उतरलो. मी मोबाईलमध्ये रस्ता बघत होते, तर आई पुढे चालायला लागलेली. दोन वळणं तिने न थांबता घेतली. तिसऱ्या वळणावर अडली, आणि मिठाईच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "दादा, एखाने एकटा बोरो कोदोम गाछ छिलो ना?"

इथे कदंबाचं मोठं झाड होतं ना, असं ती विचारत होती. बंगालीत. मला पाच-सात ट्रेनिंगमध्ये जेमतेम हिशेबापुरतं बंगाली आलं होतं. आणि माझी आई, धानाच्या बांधीत उभं आयुष्य काढलेली, त्या माणसाशी घडाघडा बोलत होती. झाड कधीच पडलं, म्हाताऱ्याने सांगितलं. तिने मान हलवली. माझ्या हातातली पाण्याची बाटली तिरपी झाली होती आणि पाणी माझ्याच पायावर सांडत होतं, हे मला तिने सांगितलं तेव्हा कळलं.

"आई, तुले बंगाली कसं येते?"

ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "मी इथं राह्यली हावो. लहान होती तवा."

आईचे वडील आमच्या तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणीत मजूर होते. तिथल्या एका बंगाली साहेबाची कलकत्त्याला बदली झाली. त्याच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला त्याने आईला सोबत नेलं. शाळेत घालतो म्हणाला होता. शाळा काही झाली नाही. ती दहा-अकरा वर्षांची होती. तो तान्हा बुबाई तिच्याच बोटाला धरून चालायला, बोलायला शिकला. तिलाच आधी हाक मारायला लागला.

"मंग एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. थो जिन्यावरून पडला. डोक्यातून रगत. त्याले दवाखान्यात नेलं, अन् दुसऱ्या दिवशी मले गाडीत बसवून देलं. मेला का जगला, कोनी सांगतलं नाही. मी कोनाले विचारू?"

 या बाईला मी जन्मापासून ओळखत होते.

"बाबाले मालूम होतं?"

"लग्नाच्या पयलेच सांगतलं होतं. थो तुले सोडाले आला, तवा हेच घर ढुंढत होता. मी म्हटलं होतं, भवानीपूर, कोपऱ्यावर मिठाईचं दुकान." तिने आजूबाजूला पाहिलं. "इथं तं हरेक कोपऱ्यावर मिठाईचं दुकान हाये."

बाबांना बंगालीचा एक शब्द येत नव्हता. कोणत्या दारावर थाप मारून त्यांनी काय विचारलं असेल?

आई उठली. पुढच्या गल्लीत हिरव्या खिडक्यांच्या एका घरासमोर थांबली आणि माझ्याकडे न बघता तिने बेल दाबली. दार उघडलं ते चष्मा लावलेल्या, पोट सुटलेल्या एका माणसाने. डाव्या भुवईपासून केसांत शिरलेला जुना व्रण मला आधी दिसला. त्याने काहीतरी विचारलं. आई त्याच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की तो गोंधळला. आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, कोण आलंय म्हणून.

"भूल होये गेछे," आई म्हणाली. चूक झाली, घर चुकलं. आणि मागे वळली.

मी तिच्यामागे जवळजवळ धावत गेले. गल्लीच्या तोंडाशी तिने पदराने तोंड पुसलं.

"जगला," ती म्हणाली. "केवढा झाला."

"आई, सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? त्याच्या मायनं त्याले माह्याबद्दल काय सांगतलं असंल, ते मले आयकाचं नाही. मले पाहाचं होतं, पाह्यलं."

त्या संध्याकाळी तिने दोन प्लेट पुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, खाल्ली आणि भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घातली. मी बघत राहिले. धक्का ओसरायला मला पुढे कितीतरी महिने लागले. झोपेतून जाग आली तरी तोच विचार. आमच्या घरात एक अख्खं शहर इतकी वर्षं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आईला रायपूर काही मानवलं नाही. ती सिहोऱ्याला परतली. गावाकडे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना हे सांगते आहे, कारण इतकी वर्षं मी घराला जागच्या जागी थांबलेलं काहीतरी समजत होते. मी फिरून यावं आणि त्याने मला जसंच्या तसं भेटावं. पण घरातली माणसंही कुठून कुठून आलेली असतात. आपण त्यांना विचारत नाही.

यंदा रोवणा चालू असताना मी गेले. बायका रांगेने वाकून धानाची रोपं चिखलात लावत होत्या आणि आई त्यांना कलकत्त्याची ट्राम कशी चालते ते सांगत होती. बुबाईला मांडीवर घेऊन ती कशी खिडकीपाशी बसायची, तो घंटीच्या आवाजाला कसा टाळ्या वाजवायचा, सगळं मोकळ्या आवाजात.

"थे पाह्य, तुह्यी पोरगी आली," एक बाई म्हणाली.

आईने मान वर केली, चिखलाच्या हाताने मला थांब अशी खूण केली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. मी चपला काढून शेताच्या धुऱ्यावर बसले आणि ऐकायला लागले.