अम्मियाची साक्ष

अम्मिया मला प्रथम दिसली ती दुसऱ्यांच्या भांडणात. दोन रंगारी शेजारी पन्हाळीच्या पाण्यावरून तंडत होते आणि ही कांद्यांची टोपली कडेवर घेऊन मुकाट ऐकत होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी, की कुणी चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही, तर सगळ्यांपुढे. सोबतीला लोक अम्मियालाच नेत, कारण ती ऐकलं तेवढंच सांगे.

"आली बाई साक्ष! पापं झाका रे!" रंगारी ओरडत.

"तुझी झाकायला तंबू लागेल मेल्या," ती म्हणे आणि पुढे चालू लागे.

वीस वर्षं ती अशी लोकांच्या दारांत उभी राहिली. पाय सुजत. घरी येऊन ती बराच वेळ चूलही पेटवत नसे.

मग मंडळीच्या कोठारात विधवांसाठी ठेवलेला गहू कमी भरला. मेलितीने नावाची एक विधवा ते कोठार झाडायला जाई. भरलेली पिशवी घेऊन बाहेर पडताना तिला दोघांनी पाहिलं होतं. पिशवीत कोंबड्यांसाठी नेलेला केरकोंडा होता. पण साक्षी दोन होते आणि प्रामाणिक होते. मेलितीनेला प्रीतिभोजनातून, म्हणजे मंडळीच्या सामायिक जेवणातून, काढलं. तिच्यासोबत कुणी जेवायचं नाही, असंही ठरलं.

त्याच गव्हाची पोती आपल्या जावयाच्या गाढवावर लादताना मंडळीचा कारभार बघणारे वडील झोटिकस यांना अम्मियानं पाहिलं होतं. एकटीनं. रीतीप्रमाणे ती आधी त्यांच्याकडेच गेली.

"दुसरं कोण होतं तिथं?" त्यांनी विचारलं.

कुणीच नव्हतं. आणि मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षींशिवाय ऐकायचाच नाही, हाही नियम.

मी म्हणालो, "अम्मियाबाई, माझं नाव घ्या. मी पाहिलं म्हणेन."

"पाहिलंत का?"

"तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"तो कुठं मागितला मी?" ती पायरीवर बसली. "मास्तर, असे साक्षी मिळायला लागले तर उद्या कुणीही कुणालाही बाहेर काढील. दमलेय हो मी. आता हे नका डोक्याला लावू."

पुढच्या प्रीतिभोजनाला तिनं आपली भाकर उचलली, बाहेर उंबऱ्यापाशी बसलेल्या मेलितीनेजवळ गेली आणि अर्धी तिला दिली. दोघी जेवल्या.

आठ दिवसांनी मेलितीनेसोबत जेवल्याचा तिच्यावर आरोप आला. एक साक्ष झाली होती. झोटिकसांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "मास्तर, तुम्ही पाहिलंत?"

मी अम्मियाकडे बघितलं. अडखळणाऱ्या पोराला धीर द्यावा तशी तिनं मान हलवली. त्या भोजनाला मी दाराशीच बसलो होतो.

"पाहिलं," मी म्हणालो.

अम्मियालाही बाहेर काढलं. आता ती सत्तरीची आहे. नदीकडच्या वेशीपाशी मेलितीनेबरोबर एका खोलीत राहते. सकाळी मेलितीने लोकर धुते आणि अम्मिया ती वाळत घालते.