पेडलखालचं तेल

मधुच्या व्हॅनमध्ये पुढे बसायचं तर पाय पुसून बसावं लागे. भिवंडीच्या गोदामांत टेंपो चालवून जे काही साठलं, ते सगळं त्याने या जुन्या व्हॅनमध्ये घातलं होतं आणि सूर्यमाळ ते मोखाडा फेऱ्या मारून तो घर चालवत होता. चपलेला चिखल दिसला की तो गाडी सुरूच करीत नसे. कोंबडी मागे, पाट्या टपावर, सुकी मासळी असेल तर पायी जा. लोक हसत, पण ऐकत. पाड्यावरून बाजाराला जाणारी दुसरी गाडी नव्हती.

त्यामुळे पेडलखाली तेलाचा ओघळ दिसला, तेव्हा त्याने आधी गुन्हेगार शोधला. गोजाबाई दर बाजाराला मोहाच्या तेलाचा डबा घेऊन निघे. मागे बसलं की वळणांवर तिला उलटी होई, म्हणून तिची जागा पुढची. डबा पायाशी ठेवलेला, आणि गाडी हलली की तो ड्रायव्हरकडे सरकलेला.

"काकी, आजपासून मागं बसायचं," मधुने सांगून टाकलं.

"डबा कोरडा हाय माझा. हात लावून बघ."

"मंग हे तेल काय डोंगरातनं पाझरलं?"

"तुझ्या गाडीतनं पाझरलं असंल. तीबी म्हातारीच हाय, माझ्यागत."

गोजाबाई मागे गेली आणि प्रत्येक वळणावर मधुच्या नावाने बोटं मोडत, खिडकीतून डोकं बाहेर काढून बसू लागली. तेल मात्र येतच राहिलं. मधुने त्यालाही उत्तर शोधलं. पायाखालची चटई इतके दिवस तेल प्यायली आहे, तेच आता बाहेर टाकते आहे. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतलं तेल अधूनमधून उतरलेलं दिसे. ब्रेक झिजले असतील, असं म्हणून तो ती भरून ठेवी. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, असं त्याच्या मनात आलं नाही. राग आलेल्या माणसाला एकच आरोपी पुरतो.

भातं पिवळी पडू लागली होती. बाजाराच्या सकाळी व्हॅन खच्चून भरली. मधुने पेडलवर पाय ठेवला आणि तो सटकला. तो तणतणत खाली उतरला, चटई ओढून काढली आणि बायकोला हाक मारली, "जयवंती, सोडा आण. काकीचं तेल काढतो एकदाचं."

सोडा येईपर्यंत त्याने तांब्याभर पाणी ओतलं. तेल पाण्याबरोबर निघून गेलं. त्याने बोट फिरवलं. चिकटपणा नाही, वास नाही. मोहाचं तेल लागलेलं भांडं दोनदा घासलं तरी हाताला लागतं, हे काय त्याला कोणी शिकवायचं होतं? चटईखालचा रंगही फुगून पापुद्र्यासारखा सुटला होता. रंग खाणारं तेल त्याने भिवंडीत पाहिलं होतं. ते ब्रेक ऑइल.

"झालं का रे?" मागून लक्ष्याने विचारलं. त्याला वासरू विकायला गिऱ्हाईक भेटायचं होतं.

मधुने पेडलच्या मागे वाकून पाहिलं. क्लच आणि ब्रेक, दोघांचे तेल ढकलणारे सिलिंडर पेडलच्या मागेच, आणि दोघेही एकाच बाटलीतून तेल घेणारे. क्लचचा गळत असेल तर गिअर कुरकुरेल, पण गाडी पोचेल. ब्रेकचा असेल तर पुढच्या उतारावर एवढ्या माणसांचं काय होईल, ते बोलायलाही नको.

तो स्टिअरिंगखाली पाठीवर पडला. पेडलपासून सिलिंडरात जाणाऱ्या दोन्ही दांड्या फडक्याने पुसल्या, खाली कागद धरला आणि हाताने क्लच दाबला. कागद कोरडा. मग ब्रेक दाबला. काही नाही. त्याला हायसं वाटलं. तरी त्याने ब्रेक दाबूनच धरला, आणि पेडल हळूहळू, कुरबूर न करता, खाली बसत गेलं. दांडीवरचं रबर बाजूला केलं तर आत साठलेलं तेल थेट त्याच्या कपाळावर.

"उतरा सगळे. ब्रेक गेलाय," तो बाहेर येऊन म्हणाला.

"काल तर नेलंस," लक्ष्या म्हणाला.

"काल मी गाढव होतो."

"मधुभाऊ, मला ऑफिसात सही करायचीय," पंचायत समितीतला हेमंत म्हणाला. "बाटली भरा नि पहिल्या गिअरवर सावकाश चला ना."

"उताराला सही दाखवाल का?"

कोणी उतरेना. सगळे मिळून त्याला गाडी चालवायला शिकवू लागले. एक जण हँडब्रेकवर नेऊ म्हणाला, दुसरा दगड घेऊन मागे चालायला तयार होता. मधुच्या मनातही क्षणभर आलं, आजचा दिवस जाईलही. आणि तसं वाटल्याचाच त्याला जास्त संताप आला. त्याने पाना आणला, नळ्या सोडल्या, नट काढले आणि ब्रेकचा सिलिंडर उपटून सगळ्यांसमोर फडक्यात बांधला.

"आता न्या कोणाला न्यायची ती."

मग लोक उतरले. शिव्या घालत, पाट्या डोक्यावर घेत, फाट्यावर जीप गाठायला चालू लागले. मधुलाही सिलिंडर घेऊन मोखाड्यालाच जायचं होतं. त्याने गोजाबाईपुढे जाऊन हात केला.

"दे काकी डबा."

तिने त्याच्याकडे पुरतं बघून घेतलं, मग डबा त्याच्या खांद्यावर चढवला.

"तिरका धरू नको," ती म्हणाली. "सांडलंस तर परत माझंच नाव घेशील."