खोट्या शेतकऱ्यांत तातेराव

माझी नणंद भावना मस्तगडला आमच्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. काम म्हणजे गावाकडच्या साखर कारखान्याचं ॲप तपासायचं. रोज सकाळी संगणक आपोआप काही खोटे शेतकरी उभे करतो, त्यांना ऊसतोडीचा मेसेज निघतो का ते बघतो आणि पुसून टाकतो. मेसेज खरोखर बाहेर जाऊ नये म्हणून 'पाठवणे' ही सेटिंग बंद ठेवायची. ती सांभाळणं भावनाकडे.

खोट्या शेतकऱ्यालाही नाव-नंबर लागतोच. बाईसाहेबांनी घातला स्वतःच्या वडिलांचा, तातेरावांचा. ती त्यांना दादा म्हणते, मी मामंजी. दुसरा कुठला नंबर म्हणे तोंडपाठ नव्हता. "सेटिंग बंद असती, वहिनी. काय होतंय," असं वर मलाच ऐकवलं. काल एक मेसेज स्वतःच्या फोनवर बघायला तिनं ती चालू केली, आणि मी चहाला हाक मारली तशी उठली ती उठलीच. सेटिंग रात्रभर चालूच राहिली.

आज सकाळी गावाहून सासूबाईंचा फोन आला. "भावने, उद्याची तोड आली. तुझे दादा गाडीला वाट करायला ज्वारी काढून राह्यले."

भावना पांढरीफटक पडली. मला आधी तिचा रागच आला. शेजारच्या संपतचा ऊस कधीच गेला, मामंजींच्या उसाला तुरे आले तरी तो उभाच. त्याच्या पुढं हुरड्यात आलेली ज्वारी. तोडीची पाळी नक्की झाल्याशिवाय तिला कुणी विळा लावत नाही.

"दादांना फोन दे, माय."

"घरीच ठेवून गेले. मेसेज पुसला जाईन म्हणून भेतात."

"पळ मंग, थांबव त्यांला. तो मेसेज खोटाय."

भावनानं सेटिंग बंद केली. बंद झाली का ते पुन्हा पुन्हा बघत बसली. आता बघून काय उपयोग होता? फोन वाजेना.

शेवटी मामंजींचाच आवाज आला. धाप लागली होती.

"दादा, माझ्याच हातून गेला तो."

"निम्मी काढली," ते म्हणाले. "जनावरांला होईन."

भावनाला रडू फुटलं. "तुमचं नाव आत्ताच काढते तिथून."



"नंबर तेवढा काढ. नाव राहू दे. तिथं तरी रोज पाळी येऊन राह्यली ना माझी?"