मोटारवाली प्लाटून

निवृत्तीनंतर मी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं हिंदीत करून देतो. जर्मन शिकलो ते इथेच जबलपुरात, लष्करी ट्रकच्या कारखान्यात, तीस वर्षं जर्मन ड्रॉइंग वाचता वाचता. मला नटबोल्टची जर्मन येते, माणसांची नाही, असं बायको म्हणते.

गेल्या हिवाळ्यात कॅनडाहून एका म्हाताऱ्या बाईंनी इंटरनेटवर माझं नाव शोधून आपल्या वडिलांचे दुसऱ्या महायुद्धातल्या नोकरीचे कागद इंग्रजीत करायला पाठवले. त्यांना जर्मन येत नव्हतं. वडिलांनी तिथे नेमकं काय केलं, एवढंच त्यांना हवं होतं. वडील जर्मनीच्या ग्रामीण पोलिसात होते. आधी खेड्यातल्या चौकीवर, मग पोलिसांच्याच ‘मोटार कंपनी’ नावाच्या तुकडीतल्या एका प्लाटूनमध्ये. मी सवयीने ‘वाहतूक विभाग’ लिहून मोकळा झालो. आमच्या कारखान्यात मोटारींशी ज्याचा संबंध, तो वाहतूक विभागातला. म्हणजे ड्रायव्हर, नाहीतर ग्रीसने माखलेला मेकॅनिक.

बाईंचं उत्तर आलं. वडील नुसती गाडी चालवत होते तर, असं त्यांनी लिहिलं. चाळीस वर्षांपूर्वी भिंतीवरून उतरवलेला वडिलांचा फोटो त्यांनी परत लावला होता. मला बरं वाटलं.

मग उरलेली पानं करायला घेतली. त्यांत कंपनीची सगळी रचना होती. प्लाटूनमध्ये ड्रायव्हर अगदी थोडे, त्यांची यादी वेगळी. बाकीची बंदूकवाली माणसं, ट्रकमध्ये बसून लांबच्या गावांवर जाणारी. गावाला वेढा, झडती, गाव रिकामं केलं, प्लाटून परत. वडिलांचं नाव या बाकीच्यांत होतं.

मला काहीच वाटलं नाही. चहा गार झाला होता, तो तसाच प्यालो.

“काहून असे बसून राहिले?” बायकोने विचारलं. मी सांगितलं.

“अच्छा. मग कळवून टाका ना तिला.”

“फोटो उतरवेल ती.”

“उतरवू द्या. खरं काय तेच तर विचारून राहिली ती.”

दुरुस्त केलेलं पान मी माफी मागून पाठवलं. आठवड्याने दोन ओळी आल्या. फोटोचं काही नव्हतं. चूक कशी झाली, एवढंच बाईंनी विचारलं होतं.

मी लिहिलं, मी ट्रकच्या कारखान्यात होतो. ट्रक म्हटलं की मला चालवणारा दिसतो. मागे कोण बसणार आणि ते कुठे जाणार, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.