मावसभावाचा एकटा रेणू

अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात गोळी गिळण्याआधी तिच्या स्वभावाची चौकशी करणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. कॉलेजात फिजिक्स शिकवतो, पण जीव सगळा अँटिबायोटिकच्या रेणूत. तोही कसा, तर एकटा! त्याला पाण्यातून, सोबत्यांतून बाहेर काढायचं, निर्वात नळीत वायूसारखं अधांतरी सोडायचं, वरून क्ष-किरण मारायचे आणि तो कुठे फुटला ते तुकड्यांच्या वजनावरून ओळखायचं. तसलं यंत्र जवळपास नाही, म्हणून हा सुट्टीत परदेशी जातो. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, हा आलेख आणतो, आणि चहा संपला तरी ते आम्हाला दाखवत बसतो.

"एकटं पाडल्याबिगर कुणाचा सभाव कळत न्हाय," हे त्याचं ब्रीद. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा यानं मुलाला गच्चीवर नेलं आणि अर्धा तास एक अक्षर न बोलता त्याच्याकडे नुसता पाहत बसला. लग्न झालं, पण जावई अजून याच्या शेजारी पंगतीला बसत नाही. जेवतानाही याचं तेच. भाजी वेगळी, चटणी वेगळी, भात वेगळा. कालवलेला घास म्हणून या गृहस्थाने उभ्या जन्मात खाल्ला नसेल. आणि पाहुणा आला की भाकरीचा प्रयोग ठरलेला. ताटात कडक भाकरी ठेवायची. "ह्यो रेणू. अन् ही बुक्की म्हंजे किरण. आता बगा!" तुकडे पार सोफ्याखाली. ते गोळा करून हा सोनाराच्या काट्यावर तोलणार, आणि मावशी केरसुणी घेऊन दारात उभी. आम्हाला वाटायचं, तिचं लक्ष नसतं.

लक्ष होतं. गेल्या वर्षी मावशीच्या गळ्यात वाईट गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लाईट द्यावी लागेल. रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात. मावशीनं साफ नाही म्हटलं. "इतकी वर्सं बगतीय की मी. लाईट बसली की चुरा हुतोय. त्यात दाढ काडली म्हणून अँटिबायोटिकची गोळी चालू हाय. गोळीचा बी चुरा, माजा बी चुरा!" डॉक्टर समजावून थकले, मी हातापाया पडलो. दिवस चालले होते आणि गाठ काही कुणासाठी थांबणार नव्हती.

शेवटी मावसभाऊ तिच्यापुढे मांडी घालून बसला. बोलायला लागला की न थांबणारा हा माणूस पहिल्यांदाच अडखळत होता. "आये, मी बगतो त्यो रेणू एकटा असतोय. अंगात त्येच्या भवती पाणी असतंय, दुसरे रेणू असत्यात. धक्का वाटून घेत्यात. अन् नेम तर गाठीवरच धरत्यात. पर खरं सांगू? समदं मला बी ठावं न्हाय. कदीकदी त्ये पाणीच मोडतंय अन् तरास देतंय."

मला वाटलं, याच्या तोंडावर हात ठेवावा. एक दिवस खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं! मावशी मात्र विचारात पडली. "म्हंजे कडक भाकरी फुटती, आमटीत भिजल्याली बुक्कीनं फुटत न्हाय. व्हय?"

हा बघतच राहिला. "व्हय की! पर माज्या कसं ध्यानात आलं न्हाय?"

"तू कदी कालवून खाल्लंस का?" मावशी म्हणाली, आणि दवाखान्याची पिशवी भरायला उठली.

मावशी आज बरी आहे, म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही. पहिल्या दिवशी आम्ही घरचे पाचसहा जण बरोबर गेलो. पण लाईटच्या खोलीत कुणाला थांबू देत नाहीत. तिथल्या बाईंनी मावशीला टेबलावर निजवलं, आम्हाला बाहेर काढलं आणि ते जाडजूड दार लावून घेतलं. बाहेरच्या पडद्यावर मावशी दिसत होती. एवढ्या मोठ्या खोलीत एकटी, हलू नको म्हटलं म्हणून अजिबात न हलणारी. मावसभाऊ पडद्याकडे पाठ करून उभा होता. मी उगाच चिडवलं, "अरे बघ की, तुझाच विषय."

"नको," तो म्हणाला. "तिला एकटीला न्हाय बगवत."

दार उघडलं तसा तो सगळ्यांच्या आधी आत गेला. तिचा हात घट्ट धरून उभा राहिला. मावशीनं दुसऱ्या हातानं त्याचे डोळे पुसले.

"आरं येड्या, रडतूस कशापायी? हाय की मी. अख्खी हाय."