साध्या बशा

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. बशी धुतली की मावशी ती उजेडाकडे धरत. पाणी सरळ निथळलं तर बशी पास, एखादा थेंब थबकला तर पुन्हा साबण.

त्या वर्षी नव्या मॅडमनी ओव्याच्या सत्त्वाचं, म्हणजे थायमॉलचं, काम हाती घेतलं. ते जंतूंना किती मारतं, हे पाहायचं होतं. काही बशांत जंतू आणि थायमॉल, काहींत नुसते जंतू. या साध्या बशांत जंतू वाढलेच पाहिजेत, नाहीतर सगळा प्रयोग पाण्यात. पण त्यांतही काही उगवेना. मॅडमनी ठरवून टाकलं की बशांना साबण राहतोय आणि तोच जंतू मारतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? “वय झालं आता मावशींचं,” असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, तेही आवाज न चढवता. ते जास्त लागलं.

मावशी बशा तीन-तीनदा धुऊ लागल्या. हातांना भेगा पडल्या. थेंब कुठेच थबकत नव्हता, तरी जंतू उगवत नव्हते. शेवटी त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडाला. मुदतीआधी काम सोडायचा अर्ज त्यांनी लेकीकडून लिहून घेतला.

अर्ज द्यायच्या दिवशी बशा काढायला त्यांनी उबेची पेटी उघडली; जंतू वाढायला सगळ्या बशा त्या एकाच पेटीत ठेवत. ओव्याचा भपकारा रोजच येई. त्या दिवशी मात्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला आणि एका साध्या बशीचं झाकण उचललं. थायमॉलचा थेंबही न घातलेली ती बशी ओव्यासारखी घमघमत होती.

त्यांनी मॅडमना एवढंच विनवलं, की मी धुतलेली एक साधी बशी शेजारच्या खोलीतल्या जुन्या पेटीत ठेवून बघा. मॅडमनी नाखुशीनं ठेवली. तिसऱ्या दिवशी ती जंतूंनी गच्च भरली होती. थायमॉल हवेत उडत होतं, झाकणांच्या फटींतून आत शिरत होतं आणि न शिवताच मारत होतं. मॅडमना हवं होतं त्याहून मोठं काही हाती लागलं होतं.

आनंदाचा भर ओसरल्यावर त्या सगळ्यांसमोर मोरीपाशी आल्या आणि त्यांनी मावशींची माफी मागितली.

“तुमचं काही नाही हो मॅडम,” मावशी हात पुसत म्हणाल्या. “पण तीन महिने मीसुद्धा माझ्याच हातांना नावं ठेवली. त्यांची माफी मी कशी मागू?”